मोठं चाक

एमेंटालच्या डोंगरात, चीजच्या तळघरात
माझी चाळीस वर्षं गेली.
तिथला नियम साधा:
जितकं मोठं चाक, तितकं ते टिकतं.
लहान चकत्या लवकर सुकतात, कडेला तडकतात.
नव्वद किलोचं चाक मात्र अंधारात
सावकाश म्हातारं होतं.
मिठाच्या पाण्याने पुसून घेतं,
आठवड्याला कूस बदलून घेतं,
घाई कसली ती नाहीच.

कुत्र्यांत हे उलटं असतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

शेजारच्या आनेरोझीचं ते पिशवीत मावणारं कुत्रं
सोळा वर्षांचं आहे.
दोन्ही डोळे गेलेत, तरी टपालवाल्याला सोडत नाही.
आमचा मुट्झ आठ वर्षांचा, बावन्न किलोचा,
काळा, छातीवर पांढरा, भुवयांवर तांबूस ठिपके,
जिन्यासमोर उभा राहतो
आणि आधी जिन्याचा विचार करतो.

तो आला तेव्हा आमचा सेव्हेरिन एक वर्षाचा होता.
म्हणजे धाकटा मुट्झच.
पहिल्या हिवाळ्यात दोघांनी मिळून
माझा एक बूट खाल्ला.
तिसऱ्या उन्हाळ्यात तो शहाणा झाला,
तळ्याकाठी पोराच्या आणि पाण्याच्या मधोमध
आडवा बसायचा, भिंत घातल्यासारखा.
जत्रेत दुधाचे दोन कॅन गाडीवर लादून
देवळापर्यंत ओढत न्यायचा,
आणि वाटेत कुणी कौतुक केलं तर
तेवढंच थांबायचा.
सेव्हेरिनचे दुधाचे दात पडू लागले तेव्हा
मुट्झ माझ्या मुलाच्या वयाला पोचला होता.
गेल्या गवतकापणीला माझ्या बरोबरीला आला.
आम्ही सावलीत बसलो, उठताना
चार-सहा गुडघे एकदम वाजले.
आता तो पुढे गेलाय.
कधीकधी त्याला अहो-जाहो करावंसं वाटतं.

सेव्हेरिनने वहीत गणित मांडलं.
आठ गुणिले सात. छप्पन्न.
"आजोबा, म्हणजे तुमच्याहून लहानच!"
बरोबर, म्हटलं.
"आणि मी पंधरा वर्षांचा होईन तेव्हा
हा अठ्ठ्याण्णव."
मी चुलीत लाकूड सारलं.
गणित त्याचं चुकलेलं नव्हतं.

चाकावर बोट वाजवलं की मला कळायचं
आत पोकळ्या कुठे, फट कुठे.
कान लागायचा, डोळे नाही.
परवा सूनबाई बर्नला गेली होती,
म्हणून ब्रश मी हातात घेतला.
डाव्या खांद्यामागे बोट अडलं.
अक्रोडाएवढं.
पुन्हा दाबून पाहिलं नाही.
मग दिसलं,
बाकी अंग कसं लखलखीत,
तेवढ्या जागेवरचे केस तेवढे गुंतलेले,
कित्येक आठवडे कुणी विंचरले नसावेत असे.
म्हणजे तिच्या बोटांनाही कळलं होतं.
मीही तेवढी जागा सोडून
शेपटीपर्यंत ब्रश फिरवला.
संध्याकाळी ती आली, त्याच्या पाठीकडे पाहिलं,
माझ्याकडे पाहिलं,
आणि बटाटे सोलायला बसली.

डॉक्टर त्सबिंडन बाई म्हणाल्या,
"मोठी जात. आठ म्हणजे भरपूर."
भरपूर हा शब्द मी जन्मभर
दुधासाठी वापरत आलो.
हात धुताना त्यांनी पाणी
जरा जास्तच वेळ चालू ठेवलं.

हल्ली रात्री दोनदा उठतो.
एका कुशीवर फार वेळ पडला की त्याचं अंग धरतं,
आणि वळायला जमत नाही.
मी फरशीवर बसतो, दोन्ही हात खाली घालतो,
पाठीचा भार टाचांवर घेतो.
याच्याहून जड उचललंय मी,
दिवसाला शंभर शंभर.
तो गरम, सैल, झोपेने भरलेला
सावकाश दुसऱ्या बाजूला कलतो,
शेपूट एकदाच आपटतो, बस्स.

आणि उलटून झाल्यावर
जुन्या सवयीने माझा हात
खिशात खडू शोधतो,
तारीख लिहायला.